सुमतीला कुणी उपाशी राहू देईना

प्रेम आणि दारिद्र्य या दोन खांबांवर आपली सगळी संगीत रंगभूमी उभी आहे. पैकी प्रेमाचा खांब कुणीही उभा करू शकतो. कस लागतो तो दारिद्र्याच्या खांबाला. हा सिद्धांत मी पूर्ण विचारांती मांडत असून विद्यापीठांनी तो अभ्यासक्रमात घ्यायला माझी हरकत नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डोंगरटोलीला मी हे दोन्ही खांब उभे केले होते, आणि त्यातला दारिद्र्याचा खांब एका शेळीने खाल्ला.

एकतीस वर्षं मी ऊर्जानगरात वीज केंद्राच्या कार्यालयात फायली सरकवल्या आणि फावल्या वेळात, म्हणजे साधारण दहा ते पाच, विनोदी लेख लिहिले. त्याचा परिणाम असा झाला की मी तोंड उघडायच्या आतच लोक हसायची तयारी करून बसत. चहावाल्याला ‘साखर कमी’ म्हटलं तरी तो खो खो हसायचा आणि साखर तेवढीच टाकायचा. एका सहकाऱ्याच्या शोकसभेत मी अगदी मनापासून बोललो. तिसऱ्या मिनिटाला दिवंगताचा सख्खा भाऊ पोट धरून खाली बसला, आणि ते शोकामुळे नव्हतं. निवृत्त होऊन सिंदेवाहीला घर बांधलं तेव्हा मनात एकच इच्छा शिल्लक होती. मरण्यापूर्वी मी केलेल्या एखाद्या गोष्टीवर एका तरी माणसाने रडावं. फार नको. एक.

“मी रोज रडते, ते धरा,” ही म्हणाली. पण घरचे प्रेक्षक समीक्षेत धरत नाहीत.

अशात मला रद्दीत एक पुस्तक सापडलं. ‘संगीत सुमतिसत्त्व’. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव उंदरांनी नेलेलं, पण आतली बहात्तर पदं शाबूत. पहिल्या अंकात राजकन्या सुमती आणि गरीब चंद्रसेन यांचं चांदण्यात प्रेम जमतं आणि लग्न होतं. दुसऱ्या अंकात दुष्काळ पडतो, चंद्रसेन पोट भरायला परमुलखात जातो, आणि सुमती पर्णकुटीत बारा वर्षं उपाशी राहून नवऱ्याची वाट पाहते. तिसऱ्यात तो परततो. दुसऱ्या अंकात ती रिकाम्या रांजणाला मिठी मारून ‘रिता रांजण, रिता संसार, नाथ न ये माघारी’ हे पद म्हणते. ते वाचताना मी स्वतः दोनदा नाक पुसलं. रडवण्याची इतकी चोख व्यवस्था मी कुठल्याही शासकीय योजनेत पाहिली नव्हती.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात. त्यामुळे मला गाव शोधावं लागलं नाही. गावानेच मला शोधलं. सिंदेवाहीहून सात किलोमीटरवर डोंगरटोली आहे. तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव एका सकाळी दारात उभे राहिले.

“साहेबभाऊ, तुमी लिवता म्हनतात. औंदा आमचं नाटक तुमी बसवून द्या. पन एक गोष्ट सांगून ठेवतो. लगन पाह्यजे. लगनाबिगर आमची पब्लिक बसत नाई.”

“लग्न आहे,” मी म्हणालो. “पण गुणवंतराव, हे रडण्याचं नाटक आहे.”

गुणवंतराव खदखदा हसले. “भल्ले मजाकी हा तुमी!”

सुमतीच्या भूमिकेला सोमारी मिळाली. गावातल्याच अंगणवाडीची सेविका. आवाज असा, की पहिल्या तालमीत तिने तान घेतली आणि तळ्यापलीकडची गुरं घरी आली. तब्येत मात्र दणकट. बारा वर्षांची उपासमार या बाईच्या अंगाला कुठून चिकटणार, अशी मला शंका होती. मी तिला म्हटलं, “सोमारीबाई, जरा कमी जेवाल का पंधरा दिवस?” ती म्हणाली, “कमी जेवलो तं गानं कुठून येईन जी?” याला नाट्यशास्त्रात उत्तर नाही. चंद्रसेन झाला आदेश, भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर जाणारा तरुण. देखणा, आज्ञाधारक, आणि पाठांतराच्या बाबतीत पूर्णपणे निष्पाप.

मंडप आणि संगीत कय्यूमभाईंकडे. कय्यूमभाईंकडे मंडप, लाउडस्पीकर, पेटी आणि सल्ला या चार वस्तू मिळत. चौथी न मागता. पुस्तकात लग्नाच्या वेळी ‘आकाशातून देव पुष्पवृष्टी करतात’ अशी सूचना होती. कय्यूमभाईंनी वर पाहिलं. वर ताडपत्री होती.

“भाऊ, आसमान आपल्याजवळ नाई. उलटं करा ना! खालून वर टाका. पब्लिकले अक्षता वाटून देऊ. पब्लिकले काम देलं का पब्लिक उठून नाई जात. पच्चीस साल का तजुर्बा है.”

मला कल्पना आवडली. इतकी आवडली की मी कय्यूमभाईंच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा हिशोब पुढे माझ्या पाठीवर झाला.

आता परवानगी. एका कचेरीत (कोणत्या ते सांगत नाही, माझं पेन्शन अजून चालू आहे) नाटकाची प्रत द्यावी लागली. तिथल्या कारकुनाने ती चक्क वाचली. शासकीय सेवेत मी एकतीस वर्षं काढली. दिलेला कागद वाचणारा कारकून मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे थोडा घाबरलो.

“दुसऱ्या अंकात दुष्काळ आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“कोणी जाहीर केला?”

“नाटककारानं.”

“तालुक्याची पैसेवारी पन्नासच्या वर आहे. दुष्काळ नाही. आणि ही बाई उपाशी दाखवली आहे. बारा वर्षं. उद्या पेपरात आलं तर? वरून विचारणा होईल, ही बाई कोण, कोणत्या गावची, रेशन कार्ड आहे का?”

“ती राजकन्या आहे हो.”

“मग दारिद्र्यरेषेखाली कशी दाखवता?”

तीन चकरा झाल्यावर तोडगा निघाला. दुसऱ्या अंकाच्या आधी लाउडस्पीकरवरून जाहीर करायचं: ‘या अंकातील उपासमार ही या तालुक्यातील नसून कुंतलपूर राज्यातील आहे.’ मी तसं लिहून दिलं आणि सही केली. आपल्या सहीने उपासमार हद्दीबाहेर घालवणारा मी बहुधा जिल्ह्यातला पहिलाच खासगी इसम असेन.

परवानगी हाती आली आणि दुसऱ्या दिवशी वाघ आला. म्हणजे गावाच्या शिवारात त्याचे पंजे उमटले. वनरक्षक सायकलवर येऊन सांगून गेला, रात्रीचं नाटक बंद. लोक जमवायचे तर दिवसा जमवा आणि उन्हं उतरायच्या आत घरी पाठवा. गुणवंतरावांना यात काही गैर वाटलं नाही. “सकाळी धा वाजता सुरू करू. पाचले खतम. पब्लिकले उलटं बरं, दिवसा साजरं दिसते.”

अशा रीतीने ‘चांदण्यातील मीलन’ हा प्रवेश सकाळी साडेदहाला लख्ख उन्हात झाला. कय्यूमभाईंनी परातीला चंदेरी कागद लावून चंद्र टांगला होता. सोमारीने ‘शीतल शशिकर स्पर्शती मजला’ हे पद सुरू केलं, आणि चंद्रावरून परतलेलं ऊन थेट पहिल्या रांगेच्या डोळ्यांत गेलं. पहिली रांग डोळे पुसू लागली. मी विंगेतून पाहत होतो. पण तेवढ्यात परात वाऱ्याने फिरली आणि दुसरी रांग डोळे पुसू लागली, तेव्हा खरं कारण माझ्या ध्यानात आलं. मला खरं रडणं हवं होतं.

मग लग्न लागलं. अंतरपाट, बाशिंग, सगळं खरं; मंगलाष्टकं मी स्वतः म्हटली. आठशे माणसांनी ‘सावधान’ म्हणत अक्षता टाकल्या. देखावा असा की खऱ्या देवांनी येऊन शिकून जावं. मी पडदा पाडायची खूण केली. पडदा पडला नाही. पडदा ओढणाराही आहेर द्यायला रांगेत उभा होता.

कारण डोंगरटोलीचा एक रिवाज आहे, जो मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. ज्याने अक्षता टाकल्या तो लग्नघरचा. लग्न कुठे लागलं, मांडवात की मंडपात, याच्याशी गावाला देणंघेणं नाही. अक्षता हातात आल्या, टाकल्या. आता पोरगी गावाची. वारलू नावाचे सत्तरीचे शेतकरी सर्वांत पुढे आले, पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन. गुणवंतरावांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

“वारलूबाप्पाकडून नवरीले एक गुंड! वाजवा!” कय्यूमभाईंनी पेटीचा एक सूर ओढला.

आहेर पाऊण तास चालला. नऊ गुंड, चार लुगडी, एक कुकर, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक शेळी. सोमारी वाकून वाकून पाया पडत होती. आदेशला टॉवेल-टोपी मिळाली. ती त्याने लगेच घातली आणि नाटक संपेपर्यंत काढली नाही.

मध्यंतरात मी गुणवंतरावांना म्हणालो, “हे सगळं आता आत नेऊन ठेवा. पुढच्या अंकात ती कंगाल आहे.”

“आहेर लपवू? लोक म्हनतीन मंडळानं खाल्ला. मांडूनच ठेवा लागते, भाऊ. सगळ्याइले दिसला पाह्यजे.”

तेव्हा दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तो असा: दारिद्र्याने गांजलेली पर्णकुटी. तीत नऊ गुंड उतरंडीने रचलेले. कुडाला घड्याळ, टिकटिकत. चुलीवर नवा कुकर. पर्णकुटी ताज्या पळसाच्या आणि बोरीच्या डहाळ्यांची केली होती. तिच्या मुख्य खांबाला शेळी बांधली होती, आणि शेळीने जेवायला सुरुवात केली होती.

कचेरीची घोषणा झाली. ‘या अंकातील उपासमार ही या तालुक्यातील नसून कुंतलपूर राज्यातील आहे.’ प्रेक्षकांत खळबळ उडाली. मी ती नाट्यविषयक समजलो.

सोमारीने मात्र कमाल केली. आजूबाजूला ढुंकून न पाहता तिने रिकाम्या रांजणाला मिठी मारली आणि ‘रिता रांजण, रिता संसार’ असं आळवलं की कय्यूमभाई पेटीचा भाता हलवायला विसरले. “घरात तांदळाचा कण नाही रे देवा!” ती म्हणाली. समोर आठशे माणसं गप्प. आता कुणीतरी रडणार.

तिसऱ्या रांगेतून रुखमाबाई उठल्या. गावातल्या सर्वांत वडील बाई, कमरेतून वाकलेल्या. त्या काठी टेकत मंडपाबाहेर गेल्या. नाटक मनाला लागलं, सहन झालं नाही, असं मी समजलो आणि कृतार्थ झालो. पाच मिनिटांनी त्या परतल्या. डोक्यावर टोपली होती. त्या सरळ मंचावर चढल्या आणि टोपलीभर तांदूळ रांजणात ओतला.

“रडू नोको व माय,” त्या सोमारीला म्हणाल्या. “आता भात मांड.”

मग कुणाला धीर धरवेना. खळी मंडपाला लागूनच होती, मळणी चालू होती. कुणी पायलीभर आणलं, कुणी पोतं. कुणी लाखोळीची डाळ, कुणी वांगी. दहा मिनिटांत चार पोती मंचावर उभी राहिली. सोमारी बिचारी शब्दाला पक्की. मी शिकवलं होतं, काही झालं तरी संवाद सोडायचा नाही. ती चार पोत्यांना टेकून म्हणत होती, “कण नाही! कण नाही!” आणि दर वेळी कुणीतरी नवीन माणूस घाईघाईने उठत होता.

शेवटी मी मंचावर गेलो. दिग्दर्शकाने चालू अंकात मंचावर जाणं म्हणजे सर्जनने पोटात शिरणं. पण इलाज नव्हता.

“मंडळी,” मी हात जोडले, “हिला मदत करू नका. ही उपाशी राहणं फार गरजेचं आहे.”

सभा हसली. अपेक्षेप्रमाणे. फक्त वारलूबाप्पा हसले नाहीत. ते उभे राहिले.

“काऊन उपाशी राह्यन ते?”

“नाटक आहे, बाप्पा.”

“नाटक असन. पन अक्षता आमी टाकल्या. गावाची पोरगी गावासमोर उपाशी बसवता, अन आमी चना खात पाह्यत राहू?” त्यांचा आवाज चढला. “अन मले हे सांगा, कुंतलपुरात दुष्काळ हाये हे आता भोंग्यावर सांगून राह्यले. लगनाच्या आदी काऊन नाई सांगतलं? सोयरीक कोनं जमवली?”

आठशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मंगलाष्टकं मी म्हटली होती. नाकारायला जागा नव्हती.

“मी,” मी म्हणालो.

“पोराची चौकशी केल्ती?”

“पुस्तकात… चांगला होता.”

याच क्षणी पर्णकुटीचा मुख्य खांब शेळीच्या पोटात जाऊन कुटी बसली. घड्याळ तेवढं वर राहिलं, कारण ते आदेशने धरलं. आदेश तिथे काय करत होता? त्याला तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी यायचं होतं. पण गलका ऐकून तो विंगेतून धावत आला होता; दाढी लावलेली, अंगावर चिंध्या, डोक्यावर आहेराची टोपी.

“हा पाहा जवाई!” कुणीतरी ओरडलं.

वारलूबाप्पांनी त्याला समोर घेतलं. “कुठी होतास?”

आदेशला त्याचं वाक्य आठवलं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. “दुर्दैवाच्या फेऱ्यात, प्रिये!”

“प्रिये कोनाले म्हनतं रे? सीधा सांग. बायको इथी उपाशी, तू कुठी होतास?”

आदेशने माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं, आणि गावाची बाजू निवडली. “म्या नाई गेलो जी. साहेबभाऊनं सांगतलं जाय म्हनून. म्या तं पडद्यामांगं चहा पेत होतो.”

“बायको उपाशी, अन हा चहा पेत होता!” रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला.

पुढची वीस मिनिटं मी थोडक्यात सांगतो, कारण माझी मुलं शिकलेली आहेत आणि हे वाचतील. मला मंचावरच्या पोत्याशेजारी उभं करण्यात आलं. गावाच्या पोरीला चौकशीविना परमुलखात दिल्याबद्दल आणि जवायाला भरीला घालून संसार मोडायला निघाल्याबद्दल मी माइकवरून माफी मागितली. कय्यूमभाईंनी प्रत्येक वाक्यामागे सूर दिला. अक्षतांची कल्पना कुणाची, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी सूर वाढवला. समोर पहिल्या रांगेत ही बसली होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं.

मग गावाने निकाल दिला. जवाई माफ, कारण वयाने लहान. पोरीने नांदायला जावं, पण रिकाम्या हाती नाही आणि आज, आत्ता, सर्वांसमोर.

आता सोमारीचं खरं घर मंडपापासून चौथं. नांदायला जायचं म्हणजे मंचाच्या या टोकाकडून पडद्यामागे, आठ पावलं. पण रुखमाबाईंनी तिची ओटी भरली. बायांनी तिला मधे घेतलं. कुणीतरी बोळवणीचं जुनं गाणं धरलं, जे पुस्तकातल्या बहात्तर पदांत नव्हतं, आणि कय्यूमभाईंनी न सांगता त्याचा सूर पकडला. सोमारीने पहिलं पाऊल टाकलं, मागे वळून पाहिलं आणि हुंदका दिला. मी तिला तो शिकवला नव्हता. तालमीत तिचा हुंदका शिंकेसारखा यायचा.

आणि आठशे माणसं रडली. बाया ओक्साबोक्शी रडल्या. गुणवंतराव खांबाला तोंड लावून रडले. वारलूबाप्पांनी दुपट्टा डोळ्यांवर धरला. आदेश बायकोला धीर द्यायचा सोडून सासुरवाडीच्या गळ्यात पडून रडला. आठ पावलांना अर्धा तास लागला. ती पडद्याआड गेली, मागून पोती गेली, गुंड गेले, आणि मंचावर उरलेलं गाव तिच्या वाटेकडे, म्हणजे पडद्यावरच्या रंगवलेल्या राजवाड्याकडे, पाहत राहिलं.

माझेही डोळे वाहत होते. यात माझं काय होतं? नाटक एका उंदीरखाल्ल्या पुस्तकातलं, रडणं गावाचं, गाणं बायांचं. पण मी शपथेवर सांगतो, त्या मंडपात त्या वेळी एकही माणूस हसत नव्हता, आणि मी तिथे उभा होतो. एकतीस वर्षांत हे प्रथमच. मंचाच्या कडेला कुणाची तरी पालथी टोपली दिसली, तिच्यावर मी मटकन बसलो.

रुखमाबाई काठी टेकत माझ्याकडे आल्या. डोळे लाल, गाल ओले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी घाई केली नाही. असे क्षण कलावंताच्या आयुष्यात एकदाच येतात. माफी मिळणार होती, की आशीर्वाद, एवढंच ठरायचं होतं. मी मान खाली घातली.

“साहेबभाऊ,” त्या म्हणाल्या, “जरा उठता का जी? तुमी डालीवर बसले. खाली माह्या आहेराची कोंबडी हाये. जितीच द्याची होती.”